डाग एक

शारजात, रोल्याच्या मागच्या गल्लीत, चौथ्या मजल्यावर,
रात्री साडेदहाला ताटं उचलून झाल्यावर
समिधाने टेबलावर खोकं ठेवलं.
"बाबा, भिंग काढा. दुकानातलं."

मी दिवसभर देऱ्यात, सोनेबाजारामागच्या भट्टीपाशी.
भुवया अर्ध्या जळालेल्या, नखांत टाकणखार.
आमच्या खानापूर तालुक्यात
मिसरूड फुटायच्या आधी पोरं मूस धरायला शिकतात,
मग कोण मदुराईला, कोण गुवाहाटीला, मी इथं.
आम्हाला किंमत कळते ती वितळल्यावर.
बांगडी असो, कुणाच्या आईची वज्रटीक असो,
आधी आकार जातो,
मग काय खरं होतं ते तळाशी दिसतं.

"हिला वितळवायचं नाहीये," ती म्हणाली.

चिकटपट्टी तिने नखानं सोलली,
जखमेवरची काढतात तशी, एका कडेनं.
आत प्लॅस्टिकच्या दोन वाट्या मिटलेल्या
आणि त्यांत, शेंगेत दाणा बसावा तशी,
वीतभर पोरगी. निळे केस वाऱ्यावर,
एका हातात कंदील, एका पायात चप्पल.
दुसरी कुठाय?
"ती गोष्टीतच हरवते. बाराव्या भागात, नदी ओलांडताना."
म्हणजे ही तूट नव्हे. घडणच तशी.

मग लेकीनं मला पारख शिकवली.
केसांच्या टोकांतून उजेड आरपार यायला हवा,
नकलीची टोकं बोथट असतात.
डोळ्याचा रंग पापणीबाहेर ओघळता कामा नये.
बैठकीखाली खूण कोरलेली हवी.
"आणि हुंगा. नकलीला रॉकेलसारखा वास मारतो."
मी हुंगलं.
मला बाम लागला. आणि तळलेला लसूण.

"मारिसेल आंटींचं घर," ती हसली.
अल नाहदाच्या इस्पितळातली नर्स, करार संपला,
आता इलोइलोला कायमची. सामान तीसच किलो.
"बाकी सगळं बसलं म्हणाल्या, हीच उरली."
चारशे दिरहम.
त्यातले काही माझ्या अरबाबने दोन ईदींना दिलेले,
काही खालच्या मजल्यावरच्या पोराला गणित शिकवल्याचे,
उरलेले कुठून, मी विचारलं नाही.

भिंग डोळ्याला लावलं.
कंदील धरलेल्या मनगटावर
केसाहून बारीक रेघ.
मोडून जोडलेलं.
रंगावर रंग इतका सावकाश बसवलेला
की आमच्या बंगाली कारागिरालाही
झाळ अशी लपवता येणार नाही.
रात्रपाळीहून आलेले, टाके घालायची सवय असलेले हात.
अजून बूटही काढले नसतील.

झाळ आली की कस उतरतो.
वीस वर्षं गिऱ्हाइकांना हेच सांगत आलो,
बायकांचे चेहरे उतरताना तराजूकडे बघत.

"ओरिजिनल आहे ना?"
"आहे."
"मग किती?"
बाहेर कुणाच्या तरी एसीचं पाणी पत्र्यावर टपटपत होतं.

खिशात पावतीपुस्तक होतं. काटा होता.
आम्ही दागिन्याला डागच म्हणतो, पावतीवरही तेच.
लहानपणी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती बुचकळ्यात पडलेली,
"डाग तर शर्टाला पडतो ना, बाबा?"

लिहिलं:
नाव, कु. समिधा.
वजन, तीनशे अठ्ठ्याऐंशी ग्रॅम.
घट, काही नाही.
डाग, एक.

तिने पावती वाचली. परत वाचली.
माझ्या हातातलं भिंग घेऊन
सगळ्या मूर्तीवरून फिरवत नेलं
आणि मनगटापाशी थांबली, बराच वेळ.

मग शेल्फावर ठेवली,
जोडलेला हात खोलीकडे करून.
खोकं मी कचऱ्यात नेत होतो, तिने ओढून घेतलं,
वाट्या मिटवल्या, पट्टी पुन्हा चिकटवली,
पलंगाखाली सरकवलं.

"आंटी परत आल्या तर," म्हणाली.